मागच्या खोलीतले दिवस

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी घरामागे, गोठ्याला लागून, एक खोली बांधली. मातीच्या भिंती, वर छपराला नवे कवेलू, एक दार, आणि हात वर केला तर बोटं टेकतील एवढ्या उंचीवर एक झरोका. घरातल्या बायांना महिन्याचे चार दिवस बसायला ती खोली होती. घरात बाया दोनच, सासूबाई आणि मी, आणि सासूबाईंचं ते सगळं थांबून तीन वर्षं झाली होती. म्हणजे खोली माझ्या एकटीसाठी होती. भिंतींची माती तुडवायला मीच होते, तरी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्याआधी आमच्याकडे इतकं कडक नव्हतं. आमचं गाव अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर. घर कुणब्याचं, जमीन काळी, माणसं कमी. मी बाहेरची झाले की ओसरीच्या टोकाला बसायची, ताटली-लोटा वेगळा, एवढंच. वेचणीचे दिवस असले तर सासूबाई स्वतःच म्हणायच्या, "जाय वावरात. कडेच्या तासात वेच, कोणाले शिवू नोको." मी दिवसभर कडेच्या ओळीत कापूस वेचायची आणि पोटात दुखत असलं तरी मला ते दिवस आवडायचे.

मग दूर अमेरिकेत लढाई लागली म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवासा झाला. अमरावतीच्या बाजारात बैलबंड्यांना उभं राहायला जागा मिळेना. सासरे व्यापाऱ्यांच्या घरी उठू-बसू लागले. तिथे त्यांनी पाहिलं की मोठ्या घरांत बाहेरची बाई कोणाच्या नजरेसही पडत नाही. घरी येऊन ते म्हणाले, "आता आपलं घरही घरासारखं दिसलं पायजे." नवी बैलजोडी आली, ओसरीला खांब आले आणि मागे ती खोली आली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

माझं माहेर मेळघाटाच्या पायथ्याशी, एलिचपूरच्या पलीकडे. अचलपूरला तेव्हा लोक एलिचपूरच म्हणत. आमच्या त्या गावात बायांचे गळे भरलेले असत. माझ्या आईच्या गळ्यावर मुठीएवढी गाठ होती, काकूला दोन होत्या. आम्हा पोरींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. पोरगी मोठी झाली की गळा थोडा भरतो, असंच आम्ही समजत होतो. माझा गळाही लग्नाच्या वेळी जरा फुगीर होता. सासरच्या बाया माझं तोंड पाहायला आल्या तेव्हा एक जण म्हणाली, "पोरीच्या गळ्यात सरी काय शोभते." चांदीची ती जाड सरी सासूबाईंनी घातली होती.

न्हाण आल्यावर मी सासरी नांदायला आले, आणि पहिली तीन वर्षं माझा महिना चंद्रासारखा ठरलेला होता. खोली बांधून झाली आणि पहिल्यांदा तो चुकला. एक महिना गेला, दुसरा गेला. सासूबाईंनी मला जड हंडा उचलू दिला नाही. दुसरा महिना सरला तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगून टाकलं. माझे मालक एरवी फार बोलत नसत, पण अकोल्याहून येताना त्यांनी माझ्यासाठी गुळाची ढेप आणली आणि चुलीपाशी ठेवली. सत्तराव्या दिवशी मी शेण काढत असताना माझ्या पायांवरून ओघळ आला. पोट दुखलं नाही, काही सुटून पडलं नाही, फक्त रक्त. सुईण आली, हात लावून म्हणाली, "काही राह्यलंच नव्हतं." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. जणू मी त्यांच्याशी खोटं बोलले होते.

त्या खेपेला मी खोलीत गेले ती अकरा दिवसांनी बाहेर आले.

नंतर हे असंच चाललं. कधी दोन महिने काहीच नाही, घरात पुन्हा आशा, आणि मग धरण फुटल्यासारखं. अकरा दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे वीस. रीत चौथ्या दिवशी न्हाण्याची, पण रक्त थांबल्याशिवाय न्हायचं कसं? सकाळी सासूबाई दारापासून चार हात दूर उभ्या राहून विचारायच्या, "झालं का वं?" मी आतून म्हणायची, "नाही, मामीजी." त्या पाण्याचा गडू आणि भाकर उंबऱ्यावर ठेवून जायच्या. जाताना एखादं वाक्य बोलत. "आज तुरी झोडल्या." किंवा "भुरी गाय व्याली." तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

झरोक्याखाली मी दगड रचून त्यांवर एक फुटका पाटा ठेवला होता. त्यावर चढलं की रस्ता दिसायचा. माघ-फाल्गुनात त्या रस्त्यावर सकाळपासून बंड्यांची रांग असायची, कापसाचे बोद, ठासून भरलेले मोठाले गठ्ठे, लादलेले, वर गाडीवान बसलेले. बाभळींना कापूस अडकून सगळी झाडं पांढरी दिसायची. सगळं गाव कुठे ना कुठे जात होतं आणि मी पाट्यावर उभी होते. थोड्या वेळाने पाय भरून यायचे, मग मी खाली उतरून वाकळीवर पडायची.

रक्ताइतकंच मला दुसरं एक भय वाटत होतं, पण ते कोणाला सांगावं हे कळत नव्हतं. मला थंडी वाजायची. चैत्रात लोक अंगणात पाणी शिंपून बसायचे तेव्हा मी वाकळ ओढून बसलेली असायची. झोप इतकी यायची की भाकरीचा घास हातात राहायचा. केस विंचरले की फणीत मूठभर यायचे. चेहरा सकाळी सुजलेला, कातडी कोरडी, आणि आवाज घोगरा झालेला. एकदा खोलीतून मी हाक मारली तर शेजारीण म्हणाली, "अवं, तुमच्या कोठ्यात कोन माणूस हाय?" ती थट्टा करत होती. मी त्यानंतर हाक मारणं सोडलं.

गळाही वाढत होता. सरी रुतायला लागली. शेवटी सोनार आला आणि त्याने ती कानशीने कापून काढली. कापताना सासूबाईंनी तोंड फिरवलं. गळ्यात सरी नसलेली सवाष्ण त्यांना बघवत नव्हती.

औषधं झाली नाहीत असं नाही. वैद्य आले, त्यांनी गळा पाहिला. कसल्याशा सालीचा काढा दिला, लेप दिला. रक्ताचं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि मी तर परपुरुषासमोर ते बोलणं शक्यच नव्हतं. सुईण आली, तिने रक्ताचं पाहिलं. जास्वंदीच्या कळ्या दुधातून दिल्या, पोटावर गरम विटा ठेवल्या. गळ्याकडे तिने बघितलंही नाही. थंडी आणि झोप कोणाच्याच वाट्याला नव्हती. ती दोन्ही दुखणी भगताकडे गेली. त्याने लिंबू उतरवलं आणि सांगितलं की मेळघाटातून काहीतरी माझ्या मागे आलं आहे. त्या दिवसापासून सासूबाई दारापासून चार हातांऐवजी आठ हात दूर उभ्या राहू लागल्या.

मी एकदा खोटं बोलले, ते सांगितलं पाहिजे.

अमरावतीचे एक मोठे व्यापारी आणि त्यांची माणसं जेवायला येणार होती. सासऱ्यांना त्यांचं येणं फार मोलाचं वाटत होतं. पुरणपोळ्या करायच्या होत्या, सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि माझा तो सोळावा दिवस होता. सकाळी त्यांनी विचारलं, "झालं का वं?" त्या आवाजात इतकी काकुळत होती की मी म्हणाले, "झालं, मामीजी." खरं म्हणजे त्या दिवशी रक्त कमी होतं. मला वाटलं, थांबेलच. आणि मला त्या खोलीतून बाहेर यायचं होतं. मी न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले, चुलीपुढे बसले. चुलीची ऊब अंगाला लागली आणि मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

पाहुणे जेवायला बसले. मी पोळ्या लाटत होते. सासूबाई तूप न्यायला आत आल्या. मी पाटावरून उठून तुपाची बुधली त्यांच्या हाती दिली आणि त्यांची नजर पाटावर गेली. पाटावर रक्ताचा डाग होता. बुधली घेऊन त्या बाहेर गेल्या, तूप वाढलं, पाहुण्यांना आग्रह केला. मी उभीच राहिले. पुन्हा बसले तरी तेच, उठले तरी तेच.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मातीची सगळी भांडी अंगणात नेऊन फोडली. पितळेची राखेने तीन तीन वेळा घासली. उरलेलं पुरण खड्ड्यात पुरलं. सासरे दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. मालक अंगणात बैल धूत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. संध्याकाळी सासूबाई खोलीच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून तू सांगू नोको. मले फडकं दाखवायचं. मी पाह्यल्यावरच न्हायचं."

त्यानंतर दीड वर्ष मी दर सकाळी उंबऱ्यावर फडकं ठेवलं. त्या काठीने ते उलटं करून पाहायच्या. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे मी पाहत होते. पण त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता आणि मलाही.

तेव्हापासून मी दिवस मोजायला लागले. खोलीच्या कोपऱ्यात बैलांसाठी सरकीचं पोतं ठेवलेलं असायचं. ज्या दिवशी रक्त, त्या दिवशी एक सरकी मी चिंधीत बांधायची. ज्या दिवशी कोरडं, त्या दिवशी ज्वारीचा एक दाणा. कशासाठी, ते माहीत नव्हतं. सासूबाई फडकं बघतात तर माझ्याकडेही काहीतरी असावं, असं वाटलं असेल.

ज्या बाईने मला वाट दाखवली ती पिंजारीण होती. पैसा आल्यावर सासऱ्यांना नव्या गाद्या हव्या होत्या, म्हणून एलिचपूरचं एक पिंजारी जोडपं आमच्याकडे आठ दिवस कामाला होतं. नवरा पुढच्या ओसरीत पिंजायचा, आणि बायको मागच्या अंगणात, माझ्या दारासमोर, गाद्यांच्या खोळी शिवायची. मुसलमान असल्यामुळे तिला आमच्या विटाळाचं बंधन नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "कित्ते दिवसापासून आत हायेस, बहन?"

मी म्हणाले, "आजचा चौदावा."

"आन हे?" तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"हे लहानपणापासूनच. दोन वर्षं झाली, वाढून राह्यलं."

"थंडी वाजते?"

मी उठून बसले. तोवर हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. "तुले कसं कळलं?"

ती म्हणाली, "भर उन्हात वाकळ घेऊन पडली हायेस ना. माझ्या बहनीले असंच झालं होतं. गळा आन खालचं, दोन्ही संगंच. आमच्याकडं हकीमसाहेबाची माय हाय, बुढी. बाया तिच्याकडंच जातात, ती पडद्याच्या आत बोलते. तिनं पुडी दिली. बहन आता बरी हाय."

"दोन्हीची एकच पुडी?"

"एकच. बुढी म्हणते, दुखणं एकच हाय."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. पिंजारीण गेल्यावरही मी दिवसभर तेच घोळवत राहिले. वैद्याने गळा नेला होता, सुईणीने पोट, भगताने बाकीचं, आणि ही बाई म्हणत होती की सगळं एकाच जागेवरून येतं. पण एलिचपूर लांब. मी खोलीत असताना प्रवास करता येत नव्हता, आणि मी जवळजवळ नेहमीच खोलीत होते.

सुटका झाली ती वेगळ्याच कारणाने. चार महिन्यांनी सासूबाई दाराशी आल्या आणि या वेळी दूर उभ्या न राहता तिथेच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "आमी त्याचं दुसरं लगन करून राह्यलो, पोरी. मले तुह्यापासून लपून नाही करायचं."

मी विचारलं, "मालक काय म्हणतात?"

"तो काय म्हणणार? बापासमोर बोलतो कधी?" मग त्या म्हणाल्या, "तुले टाकत नाही आमी. भाकर-लुगडं हाय तुले इथं. पण लगनाच्या टायमाले तू माहेरी असलेली बरी. तुह्या भावाले सांगावा धाडला हाय."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याही आधी मनात आलं की माहेरची वाट एलिचपूरवरून जाते.

दादा दोन बैलांची दमणी घेऊन आला. त्या दिवशी माझं कोरडं होतं, नाहीतर सासूबाईंनी मला निघू दिलं नसतं. वाटेत दुपारी मी दादाला म्हणाले, "एलिचपुरात मले हकिमाच्या मायकडं जायचं हाय."

तो म्हणाला, "तिकडं काहून? वैद्य हाय ना आपला."

"वैद्याले जे सांगता येत नाही ते तिले सांगायचं हाय."

त्याचे कान लाल झाले. त्याने बैलांना उगाच हाकारलं आणि पुढे काही विचारलं नाही. एलिचपुरात शिरल्यावर त्याने स्वतःच दोन ठिकाणी पत्ता विचारला.

ती म्हातारी खाटेवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात मात्र स्थिर. तिने आधी माझ्या गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "गिळ." मी आवंढा गिळला. गाठ तिच्या बोटांखाली वर जाऊन खाली आली. मग तिने माझ्या पायाच्या नळीवर अंगठा दाबून पाहिला. मग विचारत गेली. झोप किती, केस जातात का, शौचाला कसं होतं, आवाज कधीपासून बसला, माहेर कुठलं. माहेरचं नाव सांगितल्यावर ती "हां" म्हणाली.

"आणि महिना? किती दिवस चालू, किती बंद?"

मी कमरेची चिंधी सोडून तिच्या पुढ्यात ओतली. "सरकी म्हणजे चालू. जवारी म्हणजे बंद. हे मागच्या चार महिन्यांचं."

तिने बोटांनी चाचपून दोन ढीग केले. सरकीचा ढीग मोठा झाला. मग तिच्या त्या अर्ध्या मराठी, अर्ध्या उर्दू बोलीत तिने सांगितलं, "बेटी, शरीराची शेगडी हितं हाय, गळ्यात. ती मंद झाली की सगळंच मंद. अन्न जिरत नाही, ऊब राहत नाही. महिना आपल्या वेळेवर येत नाही, आला तर थांबत नाही. कोणाचा दोन-दोन महिने अडतो, कोणाचा वाहत राहतो, तुझ्यासारखीचे दोन्ही होतात. मूल राहत नाही. आणि काही बायांची शेगडी भडकते, त्याही येतात माझ्याकडं. वाळून जातात, हात कापतात, छाती धडधडते, डोळे मोठे दिसतात. त्यांचा महिना उलटा, नावापुरता येतो, मग येतच नाही. त्यांना हे औषध मी देत नाही, त्यांना विष होईल. तुला देते."

"हे भूतबाधेचं नाही?" मी विचारलं.

"भूत सरकी मोजू देईल का?" ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण मला आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलं असेल.

पुडीत काळी राख होती. समुद्रातून काढलेला एक मऊ, भोकाभोकांचा जीव असतो, त्याला हकीमलोक मुआ बादल म्हणत. तो जाळून केलेली राख. चिमूटभर, मधातून, रोज सकाळी. वास खारट, कुजकट. तिने बजावलं, "जास्त घ्यायची नाही. छाती धडधडली तर बंद करायची. आणि घाई करू नको. चार महिने लागतील, सहा लागतील. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही."

माहेरी पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही. मी तशीच झोपायची, तशीच वाहायची. आमच्या तिथे खोली नव्हती, परसात पडवी होती, आणि आई माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा मी तिला म्हातारीचं बोलणं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मले बारा-बारा दिवस जायचं. तुह्या काकूलेही. आमाले वाटे, साऱ्याच बायांचं असं असते." माझ्या आधी तिची चार मुलं पोटातच गेली होती. ते तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी माझ्या पुडीतली राख तिलाही दिली. तिची गाठ फार जुनी आणि दगडासारखी झालेली होती, तिच्यावर काही झालं नाही.

माझ्यावर झालं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी आपण होऊन, कोणी न उठवता, उठले. मग आवाज सुटला. मग अंगाला घाम आला, तर मी दादाच्या बायकोला हात दाखवत सुटले की बघ, घाम. रक्त वीस दिवसांवरून बारावर आलं, मग आठवर. गळा पुरता बसला नाही, पण मऊ पडून लहान झाला. सहावा महिना सरता सरता माझा महिना तिसाव्या दिवशी आला आणि पाचव्या दिवशी थांबला. मी सरकी मोजली, पाच. विश्वास बसेना म्हणून दोनदा मोजली.

मी सासरी परत आले तोवर बरंच बदललं होतं. अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापसाचा भाव कोसळला होता. सासऱ्यांचं अमरावतीला जाणं जवळजवळ थांबलं होतं. मालकांचं दुसरं लग्न मात्र झालेलं होतं. पोरगी दहा वर्षांची, अजून तिच्या बापाच्या घरी होती. तिला न्हाण आल्यावर आणायचं ठरलं होतं.

पहिल्या महिन्याला मी खोलीत गेले आणि पाचव्या सकाळी उंबऱ्यावर फडकं ठेवलं. सासूबाईंनी काठीने उलटलं, पुन्हा उलटलं. मग काठी टाकून त्या चार पावलं जवळ आल्या. "हे आजचंच हाय?"

"आजचंच, मामीजी."

"कोनाचं औषध?"

मी सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "लगन करायची घाई झाली आमची." एवढंच. पण झालेलं लग्न कोणी मोडणार नव्हतं. मी बरी झाले होते आणि तरी घरात दुसरी येणार होती. खोलीही होती, काठीही होती. फरक इतकाच की मी आता मोजून चार-पाच दिवसांनी बाहेर येत होते. त्या फरकासाठी मी देवाचे आभार मानले आणि मनातून मात्र काही सुटलं नाही. पाट्यावर चढून रस्ता बघायची सवयही गेली नाही. रस्त्यावर आता बंड्या तुरळक होत्या.

त्याच वर्षी मालकांनी अकोल्याला कापसाच्या बाजारात मापाऱ्याचं काम धरलं. शेतीत चौघांचं भागेना झालं होतं. त्यांना स्वयंपाकाला माणूस हवं होतं, म्हणून मी बरोबर निघाले. दमणीत दोन दिवसांची वाट. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच बसलो होतो. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा त्यांनी बैलांकडे बघतच विचारलं, "तुले नेमकं काय झालं व्हतं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सत्तर दिवसांपासून सरकीपर्यंत. थंडी, झोप, आवाज, फडकं, पुरणपोळीचा दिवस, म्हातारीने सांगितलेली गळ्यातली शेगडी, सगळं. इतकं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत.

मग ते म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं तेव्हा?"

"तुमी इचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. काटेपूर्णेच्या पात्रात त्यांनी दमणी थांबवली, बैल सोडले, आणि मला आधार देऊन खाली उतरवलं. त्यांना तेवढंच करता आलं.

अकोल्याला दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ती शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, म्हणून आज हे लिहिता येतं. सवत वेळेवर आली. ती भली निघाली, तिला दोन मुलगे झाले. ती गावी राहिली, मी अकोल्याला. आमच्यात भांडण झालं नाही आणि मैत्रीही झाली नाही. एलिचपूरची म्हातारी वारल्यावर तिच्या मुलाकडून राख काही वर्षं येत राहिली, मग तीही बंद झाली. चाळिशीच्या आसपास माझा गळा पुन्हा भरला, पुन्हा थंडी, पुन्हा पंधरा-पंधरा दिवस. या वेळी काय चाललं आहे ते मला कळत होतं, पण राख नव्हती. मी लेकीला जवळ बसवून सगळं नीट सांगितलं. काय बघायचं, काय मोजायचं, आणि वैद्य असो की हकीम, गळ्याचं सांगताना महिन्याचंही सांगायचं. तिने तोंडावर पदर घेतला. "असं कसं सांगायचं माणसाले?" म्हणाली.

मी तिला म्हणाले, "तू नाही सांगितलं तर मी सांगीन." आणि पुढच्या वर्षी तिचा महिना चुकायला लागला तेव्हा मी तिच्याबरोबर गेले, वैद्यासमोर बसले आणि सांगितलं. वैद्य जमिनीकडे बघत होते. मी त्यांनी वर बघेपर्यंत थांबले आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.